तळघरातली चार खोकी : प्रकल्प नोंदी

7 ऑक्टोबर 2023, शनिवार

अमेरिकेत ओहायोतल्या आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) शाळेचं तळघर महिनाअखेरपर्यंत रिकामं करायचं आहे, नवा बॉयलर येतोय. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेनंतर (प्रार्थनेनंतर) मदतीचे हात मागितले तेव्हा मी हात वर केला. खुर्च्या उचलायच्या असतील असं वाटलं होतं. त्याऐवजी जुन्या बॉयलरमागे मोडक्या बाकांखाली चार खोकी मिळाली. वरच्या खोक्यावर कोळ्याची जाळी, आत कॉमिक्स.

झाडलोट करणारे काका म्हणाले, "हे सगळं रद्दीत." मी एक बाहेर ओढलं. 'ट्रेझर चेस्ट ऑफ फन अँड फॅक्ट'. पिना गंजलेल्या, कागद चहात बुडवल्यासारखा तपकिरी. "रद्दीत नाही," मी म्हणाले, आणि तिथेच माझे पुढचे चार महिन्यांचे शनिवार गेले.

मुख्याध्यापिकांची परवानगी घेतली. त्यांची अट एकच: जानेवारीच्या शेवटी 'कॅथलिक शाळा सप्ताह' असतो, तेव्हा यातून एक छोटं प्रदर्शन उभं राहायला हवं.

8 ऑक्टोबर

दोन खोक्यांत कसर. जिवंत. घरी आणायच्या आधीच सगळे अंक झिपच्या पिशव्यांत घालून, हवा काढून बंद केले. आता जवळजवळ दोन आठवडे उणे अठरा अंशांत. आमच्या फ्रीझरमधले बोंबील आणि कोलंबी शेजाऱ्यांकडे गेली. लेक म्हणाली, "आई, नॉर्मल घरात फ्रीझरमध्ये आइस्क्रीम असतं."

14 ऑक्टोबर

फ्रीझर भरलेला असताना कागदावरचं काम. यादीचे रकाने आखले: खंड, अंक, तारीख, मुखपृष्ठ, मुख्य गोष्टी, चित्रकार, अवस्था, शेरा.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी (भावाला ही नोंद पाठवते आहे, त्यालाही नाही): हे अंक बाहेर स्टँडवर विकायला नव्हते. जॉर्ज ए. फ्लॉम नावाचा प्रकाशक, गाव डेटन, म्हणजे आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. 1885पासून हे घराणं कॅथलिक मुलांसाठी साप्ताहिकं काढत होतं. 12 मार्च 1946ला 'ट्रेझर चेस्ट'चा पहिला अंक आला आणि 1972पर्यंत तो चालला. शाळेच्या वर्षात पंधरवड्याला एक, म्हणजे वर्षाला वीस. वर्गणी शाळेतच गोळा व्हायची, अंकही शाळेतच वाटले जायचे.

आपल्याकडच्या मिशनच्या शाळा पाहून वाढलेल्यांना इथल्या शाळांच्या पसाऱ्याचा अंदाज येत नाही. 1884ला बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि प्रत्येक चर्चने आपली शाळा काढावी असं ठरलं. 1965च्या आसपास अमेरिकेत पन्नास लाखांवर मुलं कॅथलिक शाळांत होती. एवढं तयार गिऱ्हाईक मिळाल्यावर दुकानाची गरजच काय!

आणि का काढलं, तर भीतीपोटी. 1940च्या दशकात मुलं आठवड्याला ढिगाने कॉमिक्स वाचत होती, त्यात खून, दरोडे आणि अर्ध्या कपड्यांतल्या बायका. बिशपांनी 1938मध्येच आक्षेपार्ह छापील मजकुरावर नजर ठेवणारी संघटना काढली होती, तिच्या याद्या निघायच्या. डिसेंबर 1948मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनला एका कॅथलिक शाळेच्या पोरांनी कॉमिक्स गोळा करून त्यांची होळी केली, त्याचे फोटो देशभर छापून आले. मला तो फोटो बघवत नाही. पण त्याच काळात दुसऱ्या कोणीतरी शांतपणे ठरवलं की जाळून भागणार नाही, मुलांच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागेल. हा विचार जास्त शहाणा होता.

21 ऑक्टोबर

पहिली तुकडी फ्रीझरबाहेर. पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरतं, म्हणून एक दिवस तशीच ठेवली होती.

आज अकरा अंक साफ केले. क्रम असा: मऊ ब्रशने धूळ मधून कडेकडे, पिना सुरीच्या बोथट टोकाने सरळ करून मागून ओढायच्या, गंजाची पूड झटकायची, मग मऊ खोडरबराने पेन्सिलच्या रेघोट्या. मागच्या पानांवर बारीक बारीक बरोबरच्या खुणा होत्या, पाच-सहा, कुठे दहा-बारा. सगळ्या पुसल्या. पानं छान निघाली.

कागद न्यूजप्रिंट. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन काढलेलं नसतं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं आणि कागदातलं आम्ल त्याला आतून कुरतडत राहतं. आपण फक्त त्याचा वेग कमी करतो. कोणीतरी कधीतरी चिकटपट्टी लावलीय, तिचा गोंद आरपार उतरून मधाच्या रंगाचा झालाय. तिला हात लावलेला नाही.

28 ऑक्टोबर

हॅलोविनचा आठवडा. शाळेच्या पायऱ्यांवर भोपळे, आणि माझ्या टेबलावर ग्रॅहम इंगल्स.

हा मला या खोक्यांतला सगळ्यांत मोठा विनोद वाटतो. 1950च्या सुरुवातीला ईसी नावाच्या कंपनीची भयकथांची कॉमिक्स जोरात होती, आणि त्यातलं सगळ्यांत किळसवाणं, सडक्या प्रेतांचं काम इंगल्सचं. सहीच 'घास्टली' अशी करायचा. मग 1954 आलं. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक्सची सुनावणी झाली, मानसोपचारतज्ज्ञ वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात असं मांडलं, ईसीचा मालक गेन्स तिथे साक्षीला बसून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून आला. ऑक्टोबरमध्ये प्रकाशकांनी आपणच आपल्यावर आचारसंहिता लादून घेतली. भयकथा बंद. चित्रकार रस्त्यावर.

आणि त्यातले काही आले कुठे, तर नन्स वाटत असलेल्या या अंकांत. इंगल्स आला, ईसीचाच रीड क्रँडल आला. कालपर्यंत थडग्यातून हात काढणारा माणूस आज धार्मिक बोधकथा काढतोय. मी भिंग लावून बघितलं: सावल्या त्याच आहेत! हाताची बोटं तशीच गाठाळ, डोळ्यांखाली तसाच काळोख. बोध चर्चचा, शाई ईसीची. मुलांना त्या पानांतून नक्की काय मिळत होतं हे शिक्षकांच्या लक्षात आलं असेल का?

तिसऱ्या खोक्यात एक परका पाहुणा निघाला, 'टोपिक्स'चा सुटा अंक. तो मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या कॅटेकेटिकल गिल्डचा, म्हणजे प्रतिस्पर्धी घरचा. युद्धावरून परतलेला चार्ल्स शुल्झ 1946च्या सुमारास त्या मासिकात संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहून पोट भरत होता, 'पीनट्स' ही त्याची गाजलेली चित्रमालिका अजून जन्मायची होती. हा अंक मात्र नंतरचा आहे. तरी अक्षरं दोनदा वाचली.

4 नोव्हेंबर

आजची नोंद लिहायला जड जातेय.

शाळेत पूर्वी शिकवणाऱ्या एक सिस्टर आता निवृत्तांच्या घरी राहतात. वय 86. 1959मध्ये बाविसाव्या वर्षी या शाळेत आल्या आणि चौदा वर्षं पाचवीला होत्या. मुख्याध्यापिकांनी त्यांना गाडीतून आणलं. मी कौतुकाने साफ केलेला अंक त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उलटा केला, शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, "टिका कुठे गेल्या?"

"कसल्या टिका, सिस्टर?"

मग त्यांनी सांगितलं. वर्गात 52 मुलं. ज्यांच्या घरून वर्गणी यायची त्यांचे अंक त्यांच्या घरी गेले, ते या खोक्यांत नाहीत. वर्गाची म्हणून एक जास्तीची प्रत असायची, खिडकीच्या कठड्यावर, दोऱ्याला अडकवलेली. ज्यांच्या घरात सात-आठ भावंडं आणि बाप कारखान्यात, त्यांना वर्गणी परवडायची नाही, ती मुलं ही प्रत वाचायची. वाचून झालं की शेवटच्या पानावर पेन्सिलने टिक. कोणाचा नंबर लागला, कोणाचा राहिला, ते सिस्टरना त्यावरून कळायचं.

म्हणजे ही चार खोकी न परवडणाऱ्या मुलांचं वाचनालय आहे. आणि मी अकरा अंकांवरची त्यांची हजेरी खोडरबराने पुसली.

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "स्वच्छ मात्र छान केलंस हो." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

5 नोव्हेंबर

पुसलेले अकरा अंक कंदिलासारख्या तिरक्या उजेडात धरून पाहिले. पेन्सिलचा दाब कागदावर राहतो. चार अंकांवरच्या टिका मोजता आल्या. सातांवरच्या नाही. यादीत त्या सातांपुढे लिहिलं: 'खुणा होत्या, नोंदणाऱ्याने पुसल्या.'

11 नोव्हेंबर

यादी मोडून नव्याने आखली. 'अवस्था' या रकान्याचे दोन केले. एक 'कागद': बुरशी, गंज, कसर, म्हणजे तळघराने केलेलं. दुसरा 'हात': दुमडलेले कोपरे, बोटांचे डाग, टिका, कापलेली पानं, चित्रांवरची चित्रं, म्हणजे मुलांनी केलेलं. संग्राहकांच्या बाजारात दोन्ही एकाच मापाने नुकसान धरतात आणि किंमत उतरवतात. पुस्तक जितकं अनवाचलं तितकं मौल्यवान, ही त्या धंद्याची गंमत मला कधीच पटलेली नाही.

एकूण हिशोब: खंड 10 ते 20, म्हणजे 1954-55 ते 1964-65. पूर्ण असते तर अकरा गुणिले वीस, 220. हातात आहेत 163.

मुलांची नावंही आहेत, मुखपृष्ठांवर, वळणदार अक्षरात. ती यादीत घ्यायची नाहीत असं ठरवलं. ती माणसं आज सत्तरीत असतील, याच गावात भाजी घेत असतील.

आता कोणती पानं जास्त हाताळली गेली ते बघतेय. संतांची चरित्रं बऱ्यापैकी कोरी. एका हुतात्म्याचं पान मात्र बोटांनी काळं झालंय, तिथे सिंह आहेत. विज्ञानाची पानं बरी वाचलेली. विमान, पाणबुडी, धरण कसं चालतं. घरी करून बघायच्या वस्तूंची पानं कात्रीने नीट कापून नेलेली, त्यामुळे पाठीमागच्या संताचे पाय गेलेत.

आणि सगळ्यांत मळलेला 'चक व्हाइट'. ही पहिल्यापासून चालत आलेली मालिका. चकचे आईबाप एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. तेव्हाच्या चर्चला असं लग्न फारसं पसंत नव्हतं, तरी नायक त्याच घरचा निवडला. दोस्तांत गोरे-काळे एकत्र, हेही त्या काळच्या कॉमिक्समध्ये सहज दिसणारं नव्हतं. लपलेले चोर, वादळ, बास्केटबॉल, आणि शेवटी 'पुढील अंकी चालू'. फ्रँक बोर्थच्या चित्रांत पळणारा माणूस खरंच पळतो. चकच्या गोष्टीचं पान बहुतेक अंकांत बोट लावल्याबरोबर आपोआप उघडतं, कणाच तिथे मोडलेला आहे.

18 नोव्हेंबर

खंड 17, 1961-62. 'धिस गॉडलेस कम्युनिझम'. दुसऱ्या अंकापासून एकाआड एक अंकात, दहा भाग. सुरुवातीला एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांचं मुलांना उद्देशून निवेदन. पहिल्या भागात कम्युनिस्टांनी अमेरिका घेतली तर काय होईल याची कल्पना, पुढे मार्क्स, लेनिन, स्टालिन असा इतिहास. चित्रं रीड क्रँडलची, आणि फार ताकदीची. हेच खटकतं. भयकथा मुलांना घातक म्हणून बंद केली, आणि तोच हात, तीच भीती, फक्त राक्षसाचा पत्ता मॉस्कोचा. रशियात चर्चवर जे झालं ते खोटं नव्हतं, पण दहा वर्षांच्या पोराला रात्री झोप लागू नये एवढं ते रंगवायची गरज नव्हती.

'हात' रकान्यात: स्टालिनला चष्मा, शिंगं आणि समोरचा एक दात काळा. टिका फक्त चार. सिस्टर म्हणाल्या, ते भाग त्या वर्गात मोठ्याने वाचून घ्यायच्या, तेव्हा तसं वरून सांगणं होतं. "पोरं मात्र पान उलटून चक शोधायची."

25 नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी, लेक घरी कंटाळलेली. तिच्यावर एक प्रयोग सुरू केला.

खंड 19. 'पेटिग्रू फॉर प्रेसिडेंट'. लेखन बेरी रीस, चित्रं जो सिनॉट. 30 जानेवारी ते 4 जून 1964, अकराव्या अंकापासून विसाव्यापर्यंत दहा भाग. गोष्ट 1976ची, म्हणजे त्यांच्यासाठी बारा वर्षांनंतरची. टिम पेटिग्रू न्यूयॉर्कचा गव्हर्नर, राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागतोय. प्रचार, सभा, अधिवेशन, निवडणूक कशी चालते याचा नागरिकशास्त्राचा धडा. फक्त एक गोष्ट विचित्र: पेटिग्रूचा चेहरा कधीच दिसत नाही. कधी पाठमोरा, कधी कोणाच्या तरी आड. का ते शेवटच्या पानावर कळतं.

हे रहस्य आज इंटरनेटवर पहिल्या ओळीतच फोडलेलं असतं. मला ते माहीत असल्याने गोष्ट वाचता येत नाही, फक्त तपासता येते. लेकीला माहीत नाही. वय अकरा, म्हणजे बरोबर तेव्हाच्या वाचकाचं. ठरलं: दर शनिवारी एक भाग, नेटवर बघायचं नाही. तिने शपथ घेतली आणि बदल्यात फ्रीझर परत मागितला.

2 डिसेंबर

स्कॅनिंग. 600 ठिपके प्रतिइंच ठेवले. कमी ठेवलं तर छपाईच्या ठिपक्यांची जाळी स्कॅनरच्या जाळीवर बसून पाण्यावरच्या लाटांसारखे पट्टे उमटतात, पोपचा गाल झेब्र्यासारखा दिसतो. कणा दाबून उघडायचा नाही, खाली उतार करून अंक अर्धवट उघडा ठेवायचा. एका अंकाला पन्नास मिनिटं. वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाच्या अभिलेखागाराने हे अंक आधीच स्कॅन करून खुले ठेवले आहेत, त्यामुळे गोष्टी वाचवायची जबाबदारी माझ्यावर नाही. मी फक्त मळलेली पानं स्कॅन करतेय. तिथल्या प्रतीत आमच्या वर्गाच्या टिका नाहीत.

पोप म्हणजे तेविसावे जॉन. खंड 18, 1962-63, त्यांचं चरित्र सिनॉटने काढलं. या माणसाने त्याच वर्षी 'फॅन्टॅस्टिक फोर' या सुपरहिरो कॉमिकच्या पाचव्या अंकातल्या पेन्सिलच्या चित्रांवर शाई चढवली होती, डॉक्टर डूम हा खलनायक पहिल्यांदा आला तो. सहाव्याची पानंही हातात आली होती, पण पोपच्या चरित्राचं काम आलं म्हणून ती परत पाठवली. पुन्हा त्या मालिकेकडे आला तो थेट 44व्या अंकाला, 1965मध्ये. एका शेतकऱ्याच्या पोराची, म्हणजे अँजेलो रोंकाल्लीची (हे पोपचं मूळ नाव) गोष्ट त्याने किती निगुतीने काढलीय! शेताचा बांध, आईचे हात. जून 1963मध्ये पोप वारले. मुखपृष्ठावरच्या त्यांच्या चेहऱ्यावर कोणीतरी बोट फिरवून फिरवून रंग उडवलाय.

16 डिसेंबर

आज यादी अंकानुसार लावली आणि एक भोक दिसलं. हरवलेले 57 अंक इकडेतिकडे विखुरलेले असतील अशी माझी समजूत होती. पण विसावा अंक जवळजवळ कुठल्याच खंडात नाही. अकरातले दहा गायब. एकच आहे, खंड 12चा, तोही बेदाग.

कसर आकडे वाचत नाही. बुरशीही नाही. सिस्टरना फोन केला.

"अगं, तो वर्षाचा शेवटचा अंक," त्या म्हणाल्या. "पुढे उन्हाळ्याची सुट्टी. वर्गाची प्रत ठेवून करायचं काय? ज्यांची वर्गणी नाही त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायचे. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल त्याने घरी न्यायचा. मी यायच्या आधीपासून तशी रीत होती."

म्हणजे पेटिग्रूचा शेवटचा भाग आमच्या खोक्यांत मिळणारच नाही. 4 जून 1964ला तो कोणाच्या तरी घरी गेला. कोणाला लागली ती चिठ्ठी, हे विचारलं. त्यांना आठवत नाही.

खंड 12चा विसावा का राहिला, हेही कोणाला माहीत नाही.

30 डिसेंबर

भावाचा वसईहून फोन, नाताळाचा. नोंदी वाचतोय म्हणाला. "बाबांनी 'सुवार्ता' मासिकाचे अंक सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलेत ना, ते काल खाली काढले. तू पानांवर दूध सांडलेलं अजून दिसतं." मी म्हटलं, पुसू नको.

6 जानेवारी 2024

तीन राजांचा सण. लेकीचा सातवा भाग झाला. तिचे आजवरचे अंदाज: चेहऱ्यावर मोठा व्रण आहे (दुसरा भाग), तो मेलाय आणि दुसराच कोणीतरी बोलतोय (चौथा), चित्रकाराला चेहरे काढता येत नाहीत (पाचवा, चिडून). आज म्हणाली, "आई, तो इंडियन असेल. आपल्यासारखा. म्हणून दाखवत नाहीत."

मी चेहरा निर्विकार ठेवायचा प्रयत्न केला. फारसा जमला नसावा.

वर्गाच्या प्रतींवरच्या टिका मांडल्या: अकराव्या अंकावर 6, तेराव्यावर 9, सोळाव्यावर 14, एकोणिसाव्यावर 17. इतर कुठल्याच मालिकेत चढता आकडा नाही. म्हणजे वाट बघणारी पोरं वाढत होती. पंधरा पंधरा दिवस वाट बघायची, मधल्या सुट्टीत भांडायचं. बाहेर तेव्हा सिनेटमध्ये नागरी हक्कांच्या विधेयकावर अडवणुकीची भाषणं चालली होती, ती 10 जूनला थांबली, म्हणजे शेवटचा भाग हातात पडल्यावर सहा दिवसांनी. जुलैच्या 2 तारखेला कायदा झाला.

13 जानेवारी

प्रदर्शनाची बैठक. समितीला हवीत ती ताजी, रंगीत मुखपृष्ठं, लिलीच्या फुलांत संत. मला हवेत फाटके अंक. एक बाई म्हणाल्या, "पालक येणार आहेत, हे असं मळकं काय मांडायचं?" दुसरे गृहस्थ म्हणाले, कम्युनिझमवाले अंक नकोत, उगाच चर्चा. मी म्हटलं, स्टालिनच्या शिंगांसकट हवेत. वाद झाला. माझा आवाज चढला हे मान्य. शेवटी दोन काचपेट्या: पुढची त्यांची, मागची माझी. मागची मुतारीजवळ आहे. असू दे, तिथून मुलं जास्त वेळा जातात.

15 जानेवारी

पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे आणि आम्लविरहित पुठ्ठे आले. 163 अंकांना पुरतील. पिना परत घातलेल्या नाहीत, कण्याच्या भोकांतून सुती दोरा ओवला. जुन्या गंजक्या पिना एका बाटलीत ठेवल्यात, त्यांचं काय करायचं ठरलेलं नाही.

27 जानेवारी

विसावा अंक पडद्यावर, विद्यापीठाच्या प्रतीतून. लेकीला शेजारी बसवलं. अधिवेशन, मतमोजणी, गर्दी. शेवटचं पान. पेटिग्रू समोर बघतो. तो काळा आहे. अमेरिकेच्या मोठ्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा पहिला काळा उमेदवार. निवडून येतो का, हे गोष्टीत नाही.

ती पाच सेकंद बघत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"म्हणजे... ओबामासारखा. मग लपवलं कशाला?"

ती जन्मली तेव्हा ओबामा राष्ट्राध्यक्ष होता. नऊ आठवडे ताणलेलं रहस्य तिच्यासाठी रहस्यच नव्हतं. मी 1964 सांगायला लागले, काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या बस, शाळा, नळ, आणि मार. तिने ऐकलं, पण चित्र परत मागे नेऊन ती काहीतरी शोधत होती. मग म्हणाली, "पण बघ ना, गोष्टीतल्या सगळ्या माणसांना तो पहिल्यापासून दिसतोय. फक्त आपल्यालाच दाखवला नाही."

मी हे काम चार महिने करतेय. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

28 जानेवारी, रविवार

प्रदर्शन उघडलं. पुढच्या पेटीपाशी पालक, मागच्या पेटीपाशी पोरं. सर्वांत गर्दी शिंगवाल्या स्टालिनला. एका मुलाने विचारलं, वर्गाच्या पुस्तकावर असं काढलं तर आता मार बसेल का. सिस्टर चाकाच्या खुर्चीत होत्या, म्हणाल्या, "तेव्हाही बसला होता."

दुपारी एक सत्तरीतले गृहस्थ मागच्या पेटीपाशी बराच वेळ उभे होते. एकोणिसावा अंक टिकांच्या पानावर उघडून ठेवलाय. त्यांनी काचेवर बोट ठेवून खालून तिसरी टीक दाखवली. "ही माझी असणार. मी उलटी काढायचो, डावखुरा ना." विसावा अंक कोणी नेला ते आठवतं का, असं मी विचारलं. म्हणाले, "मी नाही. मला तर जूनभर कळलंच नव्हतं तो कोण निघाला ते." मग हसले आणि डोनट घ्यायला गेले.

3 फेब्रुवारी

पेट्या उतरवल्या. खोकी आता तळघरात नाहीत, ग्रंथालयाच्या आतल्या भिंतीच्या कपाटात आहेत, खिडकीपासून लांब. यादीची एक प्रत शाळेत, एक सिस्टरकडे. फ्रीझर धुतला, बोंबील परत आले.

यादीतली आजची शेवटची भरलेली ओळ:

खंड 19, अंक 20. 4 जून 1964. कागद: नाही. हात: चिठ्ठीत ज्याचं नाव निघालं त्याने घरी नेला.